दहा बाय दहा

ठाणाईच्या राईत चार खुंट्या ठोकल्या,
सुतळी ताणली. दहा मीटर बाय दहा मीटर.
पाहुण्या बाईंनी वही उघडली, म्हणाल्या,
भाग्यश्री, गुडघ्याच्या खालचं सगळं मोज.

वरचं मोजून झालं होतं :
एक बेहडा, दोघींच्या कवेत न मावलेला,
दोन जांभळी, वाकलेली एक सातवीण,
आणि अंजनीची झुडपं, बुडाशी टक्कल पडलेली.
गुडघ्याच्या खाली पाला. पाल्याखाली पाला.
मग शेण, वाळून पापुद्रा सुटलेलं.
मग बोटभर एक रोप,
शेंडा नसलेलं.

ससा कापतो तिरकं, विळ्यासारखं साफ.
म्हैस जीभ गुंडाळते नि ओढते,
सालीचा दोरा लोंबत राहतो मागे.
हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नाही.
दोरा लोंबत होता.
रोपं : नऊ. शेंडा असलेली : शून्य.
कुणाच्या म्हशी, असा रकाना वहीत नव्हता.

राईच्या तोंडाशी दगडावर आबा बसलेला,
काठी मांडीवर आडवी.
कोयनेचं पाणी चढलं तेव्हा खालचं कुरण बुडालं.
वरच्या पठारावर वनखात्याचे खांब आले.
राहिली राई. देवाच्या जागेला
खांब कोण पुरणार?

राईत कोयती न्यायची नाही, ही आण.
पायताण बाहेर. वाळकी फांदीसुद्धा घरी आणायची नाही.
म्हशीच्या तोंडाला आण कुणी घालायची?
कुणी एक झाड तोडलं नाही
आणि राई म्हातारी झाली,
सगळे आजे-पणजे उभे,
पाळणा एकाही दारी नाही.

वर बेहड्याच्या ढोलीत धनेशाची मादी.
फाल्गुनात आत गेली, शिटेचा गिलावा करून
दार लिंपून घेतलं,
चोच जाईल एवढी फट ठेवली
नि पंख गाळून बसली.
नर येण्याआधी त्याचा आवाज येतो,
कुंभार्लीचा घाट चढणाऱ्या एसटीसारखा, धापा टाकत.
घशातून एकेक उंबर काढून तो फटीत भरवतो.
खाऊन झालेल्या बिया दाराखाली पडतात,
रोज सडा, रोज पेरणी.
आणि रोज तिन्हीसांजेला पाण्यावरून परतताना
आमच्या आठ म्हशी
त्याच झाडाखालून.

बाई म्हणाल्या, हा बेहडा पडला तर
पुढची ढोली कुठल्या झाडात?
आबानं ऐकलं.
"माझ्या बानं पाच जोड्या बघितल्या.
आता ही एक. मीबी राखतो की तिला.
पोरं गलोल घिऊन आली तर हाकलतो."
खरं आहे. हाकलतो. एकदा स्वतःच्या पुतण्याचं
मनगट धरून त्यानं गलोल मोडली होती.
"आणि म्हशी?"
"मग काय उपाशी बांधू?"
बाईंनी पेनाचं टोपण काढलं, लावलं,
पुन्हा काढलं. लिहिलं काहीच नाही.

रात्री चहात दूध घातलं, दाट,
वर तुपाची तवंग.
बारावीची फी या दुधाची,
पाटणच्या एसटीचा पास याच दुधाचा,
आज वही धरायला गेले ती अक्कलही.
किती बेहडे असतील त्यात, जे झालेच नाहीत,
मी आकडा मांडायला बसले
आणि चहा निवला.

पहाटे आबा करवंदीच्या काट्या ओढत निघालेला.
काही बोलला नाही, मीही विचारलं नाही.
एका रोपाभोवती त्यानं वेटोळं घातलं,
पाटीएवढं, वर दगड ठेवले,
हात रक्ताळले ते धोतराला पुसले.
नवातलं एक.

संध्याकाळी पुढं चालणारी मोरणी थांबली.
काट्यांना नाक लावलं, फुंकर टाकली,
डोकं हलवलं. गळ्यातली घाट वाजली.
मग दोन पावलं पुढं जाऊन
दुसऱ्याकडं वळली.